आपल्या जिल्ह्याचे रान टिपून ठेवणारे हायमेनडॉर्फ

आपल्या मंडळाच्या सभासदांना संतांची, समाजसुधारकांची आणि साहित्यिकांची चरित्रे वाचण्याची सवय आहे. या वेळी आम्ही एका परदेशी माणसाची ओळख करून देत आहोत. हा माणूस मराठी नव्हता, तेलुगूही नव्हता. जन्म युरोपातल्या व्हिएन्ना शहरातला. पण आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातले डोंगर, शेते, पाडे आणि रान 80 वर्षांपूर्वी कसे दिसत होते, हे आज ज्यांच्या छायाचित्रांमुळे पाहता येते त्यांत पहिले नाव याच माणसाचे घ्यावे लागते. नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. उटनूर-जैनूर भागात आजही जुनी माणसे हे नाव आपल्या पद्धतीने उच्चारतात आणि आदराने घेतात.

तलमडुगुच्या आपल्या कुटुंबांतली तरुण मुले हल्ली मोबाईलवर पळसाचा बहर, पावसाळ्यातले धबधबे, सागाची राने टिपत असतात. जंगल वाचवा असे त्याखाली लिहितात. चांगली गोष्ट आहे. पण रानाचे चित्र काढताना त्यात काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. हायमेनडॉर्फ यांच्या आयुष्याकडे पाहिले की तो नीट समजतो, म्हणून हा लेख.

व्हिएन्ना ते हैदराबाद

हायमेनडॉर्फ यांचा जन्म 1909 चा, ऑस्ट्रियातल्या एका खानदानी घरातला. व्हिएन्ना विद्यापीठात त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि 1931 मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता आसाम आणि वायव्य ब्रह्मदेशातल्या डोंगरी जमाती. गंमत अशी की तोवर त्यांनी हिंदुस्थान पाहिलाही नव्हता, सारे काम पुस्तकांवरून. पुढे ते लंडनला गेले, मॅलिनोव्स्की या नामवंत अभ्यासकाच्या वर्गात बसले आणि 1936 मध्ये प्रत्यक्ष नागा टेकड्यांत येऊन कोन्याक नागांमध्ये राहिले. त्या मुक्कामात त्यांनी टिपणे काढली, तसे भरपूर फोटोही काढले. टिपणवही आणि कॅमेरा ही जोडी त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

1938 मध्ये त्यांचा विवाह एलिझाबेथ बर्नार्डो यांच्याशी झाला. सगळे त्यांना बेट्टी म्हणत. 1939 मध्ये पती-पत्नी पुन्हा हिंदुस्थानात आले आणि नेमके त्याच वेळी दुसरे महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया आदल्याच वर्षी हिटलरच्या जर्मनीत सामील करून घेतला गेला होता. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या हातातला पासपोर्ट जर्मन ठरला आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. त्यांना अटक झाली. पुढे सवलत मिळाली ती अशी की निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहायचे. आसामकडे जाण्याचा मार्ग बंद झाला. एका पासपोर्टमुळे ज्या मुलखात अडकून पडले, त्याच मुलखात त्यांचे आयुष्यभराचे नाते जुळले. आधी नल्लमलाच्या जंगलातले चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी आणि त्यानंतर आपल्या आदिलाबादचे गोंड, असा त्यांच्या अभ्यासाचा क्रम राहिला.

1940 चे आदिलाबाद

त्या वेळी आपल्या जिल्ह्यात परिस्थिती तापलेली होती. निजाम सरकारच्या जंगल खात्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखायला सुरुवात केली होती. हद्दीच्या आत जी गावे आली ती उठवली जात होती, घरे जाळल्याचेही प्रकार झाले. याच प्रश्नावर कुमराम भीम यांनी गोंड-कोलामांना एकत्र केले आणि 1940 मध्ये जोडेघाटच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथीदार मारले गेले. हे बंड का झाले, हे सरकारला समजून घेण्याची गरज वाटली. त्यातून हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या मुलखात काम करण्याची वाट मोकळी झाली. संस्थानातले वरिष्ठ अधिकारी ग्रिगसन हे स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलेले गृहस्थ होते, त्यांचाही पाठिंबा मिळाला.

हायमेनडॉर्फ दांपत्याने मुक्कामासाठी निवडले ते मार्लवाई हे गाव. पूर्वीच्या उटनूर तालुक्यातले हे गाव आज जैनूर मंडलात, कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात येते. ते गोंडांसारख्याच लाकूड-गवताच्या घरात राहिले. गोंडी शिकले. लग्न, मर्तिक, पेर्सा पेनची पूजा, दिवाळीच्या सुमारास निघणारी दंडारी आणि मोरपिसांचे भले मोठे मुकुट घातलेले गुसाडी, पेरणी, मळणी, बाजार हे सारे त्यांनी पाहिले, लिहिले आणि टिपले. बेट्टी या कामात बरोबरीने होत्या.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गोंडांची वंशकथा गाणारे परधान हे आपल्या जिल्ह्यात घरी मराठी बोलतात. गोंडांची पुराणे गोंडीत गायची आणि चूल मात्र मराठीत पेटवायची, असा हा समाज. बाहेरच्यांशी बोलताना गोंडही मराठीच वापरत. 1943 मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे तरुण उपयोगी पडले आणि गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. या कामाच्या काळात निजाम सरकारच्या नोकरीतले एक मराठी अधिकारीही आदिलाबादच्या गोंडांमध्ये वावरत होते. ते म्हणजे पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले सेतुमाधवराव पगडी. पगडींनी गोंडी भाषेचे व्याकरण लिहिले आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून त्यांना ओळखणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते.

रिकामे रान आणि नांदते रान

आता छायाचित्रांकडे येऊ. निसर्गाचे फोटो काढून निसर्ग वाचवण्याची चळवळ जगात पहिल्यांदा रुजली ती अमेरिकेत. कार्लटन वॉटकिन्स यांनी 1861 मध्ये योसेमिटी दरीचे मोठमोठे फोटो काढले आणि 1864 मध्ये ती दरी कायद्याने राखून ठेवली गेली. पुढे ॲन्सेल ॲडम्स यांनी सिएरा नेवाडा पर्वताची छायाचित्रे घेऊन 1936 मध्ये थेट राजधानी वॉशिंग्टन गाठले, पुढाऱ्यांना ती दाखवली आणि 1940 मध्ये किंग्ज कॅन्यन हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. छायाचित्रांची ताकद किती, याचे हे मोठे उदाहरण. त्या चित्रांत उंच कडे आहेत, बर्फ आहे, आकाश आहे, माणूस मात्र जवळजवळ नाही. वास्तविक योसेमिटीच्या दरीत मूळ रहिवाशांची वस्ती होती आणि 1851 मध्ये तिथे सशस्त्र तुकडी पाठवून त्यांना हुसकावण्यात आले होते. चित्र काढेपर्यंत दरी रिकामी दिसू लागली होती.

किंग्ज कॅन्यन राखले गेले ते वर्ष 1940 आणि आपल्याकडे कुमराम भीम पडले ते वर्षही 1940. दोन्हीकडे जंगल राखण्याचाच विषय होता. आपल्याकडे नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनीही रान रिकामे आहे असे धरूनच ती ओढली होती.

हे कसे घडले, ते हायमेनडॉर्फ यांनी नीट समजावून सांगितले आहे. गोंड नांगर धरणारे शेतकरी. दरीतल्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी व्हायची. पण पठारावरची हलकी, मुरमाड जमीन काही वर्षे पिकवली की तिला विश्रांती द्यावी लागे. शेतकरी ती पड टाकून दुसऱ्या तुकड्यात नांगर घाली आणि काही वर्षांनी परत येई. मधल्या काळात पड जमिनीवर झुडपे वाढत, सागाचे फुटवे येत. जंगल खात्याची मोजणी नेमकी अशा वेळी झाली की शेतकऱ्याचे शेत राखीव जंगल म्हणून नोंदले जाई. तो परत आला की अतिक्रमण करणारा ठरे. कागद त्याच्याजवळ नसेच.

आम्ही उभी नोकरी बँकेत काढली. पीककर्जाच्या अर्जाबरोबर पहाणी आणि पट्टादार पासबुक आले नाही, तर समोर बसलेला माणूस कितीही खरा शेतकरी असला तरी नियमाने हात बांधलेले असतात, हे आम्ही जाणतो. त्यामुळे नोंद नसणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी वेगळे सांगायला नको. झुडपे वाढलेल्या पड जमिनीचा नुसता फोटो पाहिला तर तो सुंदर रानाचा फोटो वाटेल. त्याखाली गावाचे नाव, साल आणि ही अमक्याची पड जमीन असे लिहिले असेल, तर तोच फोटो पुरावा होतो.

हायमेनडॉर्फ यांच्या कामाचे मोल इथे आहे. ते स्वतःला निसर्ग छायाचित्रकार म्हणवत नव्हते, मानववंशशास्त्रज्ञ होते. पण त्यांच्या चित्रांत डोंगराबरोबर पाडा येतो, रानाबरोबर बैलजोडी येते आणि फोटोबरोबर रोजची टिपणे येतात. या रानात माणसे नांदत होती, त्यांची देवस्थाने इथे होती, त्यांचा नांगर इथे चालत होता, हे ती चित्रे दाखवतात. 1948 मध्ये त्यांचा आदिलाबादच्या राज गोंडांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्याआधी 1945 मध्ये संस्थानातल्या आदिवासींवरचे त्यांचे अहवाल छापले गेले होते.

अहवालांचा उपयोगही झाला. हायमेनडॉर्फ आदिवासी आणि मागास वर्गांसाठी निजाम सरकारचे सल्लागार झाले, उस्मानिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात आदिलाबादच्या आदिवासींना सुमारे 1,60,000 एकर जमिनीचे पट्टे देण्यात आले. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी यावे आणि आदिवासींची गाऱ्हाणी तिथेच ऐकावीत, ही दरबाराची प्रथाही त्यांच्याच प्रयत्नातून पडली. पुष्य अमावस्येच्या या जत्रेला महाराष्ट्रातूनही गोंड कुटुंबे येतात.

हे सारे निजामाच्या एकतंत्री राजवटीत, वरून खाली चाललेले काम होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. जमीन मिळाली त्यामागे जोडेघाटला सांडलेले रक्त होते. अहवाल लिहिणाऱ्याचे श्रेय मोठे असले तरी ते पहिले नाही.

परत येऊन पाहिले तेव्हा

1949 नंतर हायमेनडॉर्फ लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत शिकवू लागले. नेपाळ उघडल्यावर 1953 मध्ये ते तिकडे गेले आणि शेर्पांवर त्यांनी मान्यताप्राप्त ग्रंथ लिहिला. पण आदिलाबाद त्यांनी सोडले नाही. 1976 मध्ये निवृत्त झाल्यावर ते आणि बेट्टी पुन्हा याच मुलखात हिंडले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी टिपलेली गावे त्यांना त्याच नजरेने परत पाहता आली. फार थोड्या अभ्यासकांना ही संधी मिळते.

चित्र पार बदलले होते. जिथे बैलगाडीची वाट होती तिथे पक्के रस्ते आले होते. रस्त्यांबरोबर बाजार, दुकाने आणि नवे शेतकरी आले. पट्ट्याने मिळालेल्या जमिनी कर्ज, फसवणूक किंवा दबाव यांमुळे कितीतरी गोंडांच्या हातून गेल्या होत्या. गंमत नव्हे, विसंगती अशी की राखीव जंगलात गोंडाने पाऊल टाकले तर गुन्हा होता आणि बाहेरून आलेल्यांनी रान तोडून वस्त्या केल्या तिकडे डोळेझाक झाली होती. शिरपूर कागजनगरच्या गिरणीला बांबू हवा होता, शहरांना साग हवा होता. मोह, चारोळी, टेंभुर्णी असलेले मिश्र रान जाऊन एकाच जातीच्या झाडांची लागवड होऊ लागली की आदिवासीच्या पोटाचे काय होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. 1982 मध्ये निघालेल्या त्यांच्या भारतीय आदिवासींवरच्या पुस्तकात हा हिशेब आहे. पुस्तक निघाले त्याच्या आदल्या वर्षी, 20 एप्रिल 1981 रोजी, इंद्रवेल्लीला जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला होता.

बाहेरून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांत मराठी बोलणारेही होते, हे त्यांच्या लिखाणात स्पष्ट येते. आपल्या मंडळाच्या वाचकांनी ते वाचताना कान लाल करून घेण्याचे कारण नाही आणि पान उलटून पुढे जाण्याचेही नाही. या भागात मराठी बोलणारे पुष्कळ आधीपासून आहेत. किनवट आणि राजुरा हे तालुके तर 1956 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. कोणी शेतीसाठी आले, कोणी नोकरीसाठी, कोणी दुकान टाकायला. आपण इथे रुजलो, आपली मुले इथेच शिकली. पण आपण आलो तेव्हा ही भूमी कोरी पाटी नव्हती, एवढे आपल्या नव्या पिढीला माहीत असायला हवे. पुढे 1970 च्या नियमाने अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर आदिवासींकडे जाण्यावर कडक बंदी आली. आपल्या घरांत वन ऑफ सेव्हंटी म्हणून त्याची चर्चा होते, बहुधा तक्रारीच्या सुरात. तो नियम कशामुळे आला, याचे उत्तर या माणसाच्या पानांत आणि फोटोंत सापडते.

मार्लवाईची माती

बेट्टी यांचे जानेवारी 1987 मध्ये हैदराबादेत निधन झाले. त्यांना मार्लवाईत, गोंडांच्या रीतीने, गावच्या मातीत ठेवण्यात आले. हायमेनडॉर्फ 11 जून 1995 रोजी लंडनमध्ये वारले. 2012 मध्ये त्यांच्या अस्थी मुलाने मार्लवाईला आणल्या आणि पत्नीच्या समाधीशेजारीच त्यांना जागा मिळाली. दरवर्षी 11 जानेवारीला गावकरी दोघांची आठवण करतात. त्यांची हजारो छायाचित्रे आणि चित्रफिती लंडनच्या त्याच संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत आणि त्यांतले बरेच फोटो इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात.

आज आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आहेत. कव्वालला व्याघ्र प्रकल्प आहे. पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरमधून वाघ आपल्या बाजूला येतात आणि त्यांच्या बातम्या आपण वाचतो. जंगल राखलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. ते राखताना कोणाला चित्राबाहेर ठेवायचे, हा वाद मात्र 1940 इतकाच आजही ताजा आहे. वनहक्क कायदा 2006 चा. त्यातही जुनी वहिवाट सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतोच.

म्हणून सभासदांना एक विनंती. आपल्या घरोघरी जुने अल्बम आहेत. लग्नाच्या वरातीमागे दिसणारा माळ, शाळेच्या सहलीच्या फोटोतला ओढा, शेतात बैलांबरोबर उभे असलेले आजोबा, त्यांच्या मागची झाडे. त्या काळी कोणी निसर्गाचे म्हणून हे फोटो काढले नाहीत, पण तलमडुगुच्या आसपासचे रान त्यांत आले आहे. घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर प्रत्येक फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने गाव, साल आणि माणसांची नावे लिहून घ्या. सालदार, गुराखी, शेजारच्या पाड्यावरचे गोंड-कोलाम जे कोणी त्यात दिसत असतील, त्यांचीही नावे विचारून लिहा. मुलांनी मोबाईलवर त्यांची प्रत काढून मंडळाकडे द्यावी.

ज्यांना मार्लवाई पाहायचे असेल त्यांनी आदिलाबादहून गुडिहत्नूर, इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर असा रस्ता धरावा. वाटेत केसलापूरचे नागोबाचे देऊळही होते. पावसाळा संपल्यावर, दंडारीच्या दिवसांत गेलात तर उत्तम. फोटो जरूर काढा. ज्यांचा काढाल त्यांना आधी विचारा, आणि त्यांची एक प्रत त्यांच्या हाती पोचेल असे बघा.